हत्येनंतरचे आपण

२००६ सालच्या उन्हाळ्यात मराठवाड्याने बरोबर एका महिन्याच्या अंतराने दोन राजकारणी गमावले. ३ मे रोजी अंबाजोगाईचे प्रमोद महाजन मुंबईच्या रुग्णालयात वारले. २२ एप्रिलला वरळीच्या राहत्या घरी सख्ख्या धाकट्या भावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ३ जूनला पवनराजे निंबाळकर यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कळंबोलीजवळ त्यांच्याच गाडीत गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यांच्यासोबत त्यांचा चालकही मारला गेला. महाजन देशपातळीवरचे नेते होते, त्यांची बातमी दिल्लीपासून गल्लीपर्यंत पोचली. पवनराजे मात्र आमच्या धाराशिव तालुक्यातल्या गोवर्धनवाडीचे. ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याच्या राजकारणातून वर आलेले, गावोगावच्या माणसांना नावानिशी ओळखणारे. आमच्या येडशीच्या चौकात सोलापूर-संभाजीनगर महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्या चौकात महाजनांच्या मृत्यूवर मोठ्याने चर्चा झाल्या. पवनराजेंच्या मृत्यूवर लोक आधी गप्प झाले आणि नंतर दबक्या आवाजात बोलू लागले.

त्या दोन आवाजांतला फरक मला पुढे अनेक वर्षं विचार करायला लावत राहिला. महाजनांवर गोळ्या झाडणारा स्वतः पोलिस ठाण्यात गेला होता. डिसेंबर २००७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गुन्हा ते निकाल, जेमतेम वीस महिने. पवनराजेंच्या खुनाला अठरा वर्षं उलटली तरी खटला चालूच होता. एकाच उन्हाळ्यातले दोन खून. एक कौटुंबिक ठरला आणि मिटला. दुसरा राजकीय मानला गेला आणि एका पिढीचं राजकारण त्यात ओढलं गेलं. हत्या करणारे मोजके असतात, पण त्या हत्येचं पुढे काय होतं हे ठरवणाऱ्यांत आपण सगळे येतो. या लेखात खुन्यांपेक्षा आपल्याबद्दल अधिक लिहायचं आहे.

तेर आणि गोवर्धनवाडी ही दोन्ही गावं येडशीपासून लांब नाहीत. लातूरच्या रस्त्याने ढोकीकडे निघालं की हा सगळा परिसर लागतो. डॉ. पद्मसिंह पाटील तेरचे. १९७८ पासून ते उस्मानाबादचे आमदार होते, राज्याच्या मंत्रिमंडळात त्यांनी वजनदार खाती सांभाळली. पवनराजे त्यांचे चुलत भाऊ आणि अनेक वर्षं त्यांच्या राजकारणाचा गावपातळीवरचा कणा. लोकांच्या तोंडी एक ‘डॉक्टर’, दुसरे ‘राजे’. मग कारखाना, जिल्हा बँक आणि वारसा या कोणत्याही जिल्ह्यात घरं फोडणाऱ्या गोष्टींवरून हे घरही फुटलं. २००४ च्या विधानसभेला पवनराजे अपक्ष उभे राहिले आणि पाचशेपेक्षाही कमी मतांनी हरले. पाव शतकाचा गड इतक्या थोडक्यात वाचला, तेव्हाच पुढची निवडणूक कशी होणार याचा अंदाज जिल्ह्याला आला होता. ती निवडणूक पवनराजेंनी पाहिली नाही.

कुटुंबाने न्यायालयात धाव घेतली, उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि जून २००९ मध्ये पद्मसिंह पाटलांना अटक झाली. नुकतेच ते लोकसभेवर निवडून आले होते. राजकीय वैरातून सुपारी दिल्याचा आरोप सीबीआयने ठेवला. पाटलांनी तो नाकारला. त्याच तपासातून अण्णा हजारे यांच्या नावाचीही सुपारी देण्यात आल्याचा आरोप पुढे आला आणि २०१९ मध्ये हजारे सीबीआयचे साक्षीदार म्हणून मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले. एवढ्या मोठ्या खटल्याचा निकाल काय लागावा, हे सांगणं माझं काम नाही. ते पुराव्याचं आणि न्यायाधीशांचं काम आहे. पण निकालाची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने मधल्या काळात काय केलं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

जिल्ह्याने मतपेटीला न्यायालय केलं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये पवनराजेंचे पुत्र ओमराजे शिवसेनेकडून विधानसभेला उभे राहिले आणि त्यांनी पद्मसिंहांचे पुत्र राणाजगजितसिंह यांना हरवलं. २०१४ मध्ये राणाजगजितसिंहांनी ती जागा परत घेतली. २०१९ ला दोघे लोकसभेला समोरासमोर आले. ओमराजे सव्वा लाखाहून अधिक मतांनी जिंकले. २०२४ ला राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील उमेदवार होत्या. ओमराजेंचं त्या वेळचं मताधिक्य तीन लाखांच्या वर गेलं. दरम्यान पक्ष बदलले, युत्या मोडल्या, आघाड्या झाल्या, चिन्हं फुटली, जिल्ह्याचं नावही उस्मानाबादचं धाराशिव झालं. दोन घरं मात्र तीच राहिली. मतांच्या प्रत्येक आकड्यामागे एकच कारण असतं असं मी म्हणणार नाही. २०२४ ला पक्षफुटीचा राग होता, सोयाबीनचा भाव होता, आरक्षणाचा प्रश्न होता. पण जाहीर सभेत वडिलांच्या खुनाचा उल्लेख झाला की मैदान कसं स्तब्ध होतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मुलाने वडिलांचं दुःख लोकांसमोर मांडलं, यात मला काहीच गैर वाटत नाही. ज्याच्या घरावर आघात झाला, त्याने गप्प बसावं असं कोण म्हणेल? माझी तक्रार आपल्याशी, मतदारांशी आहे. आपण त्याला मत दिलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानलं. खटला मुंबईत रेंगाळत असताना त्यासाठी जिल्ह्यातून किती आवाज उठला? साक्षीदार कोण, त्यांचं वय काय, किती जण हयात आहेत, तारीख कधी पडते, हे विचारायला चौकातल्या कोणाला सुचलं नाही. दर पाच वर्षांनी बोटाला शाई लागली की आपल्याला न्याय केल्यासारखं वाटतं. आणि विरुद्ध बाजूचा माणूसही तेच करतो. त्याचा उमेदवार जिंकला की निर्दोषत्व सिद्ध झालं असं त्याला वाटतं. या ओढाताणीत तेरणा कारखाना बंद पडला आणि अनेक वर्षं बंदच राहिला. जिल्हा बँकेतल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं हेलपाटे घालत राहिली. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा प्रश्न भाषणाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जाऊ लागला.

मत म्हणजे न्याय नव्हे, हे महाराष्ट्राने याआधी एकदा उलट्या बाजूने पाहिलं आहे. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावात पाय रोवलेला हा कार्यकर्ता १९६७ ला परळमधून निवडून आला होता. संशयाची बोटं शिवसेनेकडे होती, अंत्ययात्रेला गिरणी कामगारांचा समुद्र लोटला होता. चार महिन्यांनी पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, डाव्या आणि इतर पक्षांचा पाठिंबा त्यांच्यामागे होता. निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक, दोन हजारांपेक्षा कमी मतांनी. शिवसेनेचा विधानसभेतला हा पहिला आमदार. त्या निकालाने देसाईंचा खून योग्य ठरला का? मुळीच नाही. पण त्या दिवसापासून गिरणगावात लाल बावट्याचा दरारा ओसरत गेला, हेही खरं. सहानुभूती हमखास मिळते असं मानणाऱ्यांनी ही पोटनिवडणूक आठवावी. माणसं रडतात एका बाजूने आणि मत देतात दुसऱ्या बाजूने, कारण मतामागे भीती असते, जात असते, नोकरी असते, शेजार असतो.

इंग्लंडमध्ये जून २०१६ ला जो कॉक्स या खासदार महिलेचा भररस्त्यात खून झाला, तेव्हा पोटनिवडणुकीत इतर मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिले नाहीत. खून करून जागा रिकामी करता येणार नाही, एवढंच त्यांनी त्यातून सांगितलं. आपल्याकडेही आमदार-खासदार वारल्यावर पोटनिवडणूक बिनविरोध करण्याची प्रथा मधूनमधून पाळली जाते, पण ती बहुधा नैसर्गिक मृत्यूनंतर आणि नेत्यांच्या आपसांतल्या समजुतीने. खून झालेल्या जागी तर ती कधीच मोडता कामा नये, असं मला वाटतं.

सुडाचा इतिहास याहून जुना आणि याहून जास्त लाजिरवाणा आहे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा पुण्याचा, मराठी ब्राह्मण. दुसऱ्या दिवसापासून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांनी नथुराम गोडसेचं नावही ऐकलं नव्हतं अशा खेड्यातल्या कुलकर्ण्यांचे वाडे, धान्य, कागदपत्रं राख झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव दगडफेकीत गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी गेले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. ज्या माणसाने आयुष्यभर अहिंसा सांगितली, त्याच्या नावाने ही आग लागली. त्याच वेळी काही घरांत पेढे वाटले गेल्याच्या कहाण्याही महाराष्ट्रात पसरल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. त्या दोन्ही टोकांच्या मधे साने गुरुजी उभे होते. त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. इतक्या मोठ्या गदारोळात प्रायश्चित्त घ्यावंसं वाटलेला माणूस खुनाशी दुरूनही संबंध नसलेला होता, ही गोष्ट मला त्या सगळ्या काळातली सर्वांत मोठी वाटते.

छत्तीस वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९८४ ला, इंदिरा गांधींच्या खुनानंतर दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. दोन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. सूड आणि सहानुभूती अशी हातात हात घालून चालली.

गांधीहत्येची गोष्ट १९४८ ला संपली नाही. शिक्षा भोगून आलेल्या गोपाळ गोडसे आणि इतरांच्या सत्कारासाठी १२ नोव्हेंबर १९६४ ला पुण्यात सत्यविनायकाची पूजा ठेवण्यात आली. त्या समारंभात ‘केसरी’चे माजी संपादक आणि लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी, नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता असं सांगितलं. देश हादरला, संसदेत गदारोळ झाला आणि अखेर न्या. कपूर आयोग नेमला गेला. पूजा घालून सत्कार करण्याइतकी मोकळीक सोळा वर्षांत वाटू लागली होती. लोकांच्या प्रतिक्रियेचा काळ खटल्याच्या काळापेक्षा किती लांब असतो, ते या पूजेवरून कळतं. १९९८ मध्ये ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ नाटकावर बंदी आली तेव्हाही ती जखम ओलीच होती.

इथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. काही राजकीय हत्यांचा आपण गौरव करतो. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्टही मेला. सोजिरांनी प्लेगच्या नावाखाली घरांत घुसून केलेल्या जुलमाचा तो राग होता. तिन्ही भाऊ फासावर गेले, आणि आज त्यांचे पुतळे आहेत. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला मारलं. जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जात होता आणि त्या रात्री ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आला होता. परकी सत्ता, मत नाही, मंच नाही, दाद मागायला जागा नाही, अशा काळातल्या या घटना आहेत. त्यांच्या त्यागापुढे मान झुकते. पण तेच माप आज, मतदान असताना, न्यायालय असताना, वर्तमानपत्र असताना लावायचं नाही, हे आपण मुलांना शिकवायला विसरलो. जयंतीच्या भाषणात क्रांतिकारकाचं पिस्तूल आणि आजच्या गुंडाचं पिस्तूल यांतला फरक कोणी समजावून सांगत नाही. मग गावातली पोरं कमरेला कट्टा लावून फोटो काढतात आणि त्याला मर्दुमकी म्हणतात.

आमच्या मराठवाड्यात निजामाच्या शेवटच्या वर्षांत खुनाचा उपयोग लोकांना गप्प करण्यासाठी होत होता. १९४६ मध्ये नांदेडकडच्या बिलोली भागात, अर्जापूरजवळ, गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांना रझाकारांनी रस्त्यात गाठून मारलं. ते मुसलमान होते आणि हैदराबाद भारतात यावं असं लिहीत होते. महिन्याभरात पोलिस अ‍ॅक्शन झाली, फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत शोएबउल्लांचं नाव दर वर्षी घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं. कारण त्या काळाकडे केवळ दोन धर्मांची लढाई म्हणून पाहणाऱ्याला या एका माणसाचं मरण थांबवून विचार करायला लावतं.

गोविंदराव पानसरे हे नाव महाराष्ट्राने पुन्हा एकदा हुतात्म्यांच्या यादीत पाहिलं. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले, उमाताई वाचल्या. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. नंतर धारवाडला एम. एम. कलबुर्गी, बंगळुरूला गौरी लंकेश. या हत्यांवर जी प्रतिक्रिया उमटली, तिच्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष वेधू इच्छितो. तिच्यात सूड नव्हता. कोणत्याही समाजाची घरं पेटली नाहीत. कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला पुण्याच्या त्या पुलावर जमत राहिले. कोल्हापुरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ निघत राहिला. ज्या वेळी मारलं त्याच वेळी, मोकळ्या रस्त्यावर, गाणी म्हणत. ‘शिवाजी कोण होता?’ ही पानसरेंची छोटी पुस्तिका हातोहात खपली. कित्येक वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेशाच्या रूपाने आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. जिवंतपणी त्या माणसाच्या हेलपाट्यांनी जे झालं नाही, ते त्याच्या मरणाने झालं, याचं दुःख कायम राहील.

पण खरं काम न्यायालयात चाललं होतं. दाभोलकर आणि पानसरे या दोन्ही कुटुंबांनी उच्च न्यायालयात सतत पाठपुरावा केला. न्यायालयाने तपासावर वर्षानुवर्षं देखरेख ठेवली. अखेर १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकरांच्या दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली. तिघे निर्दोष सुटले. खुनामागे कोण होतं, हे निकालातून उलगडलं नाही आणि न्यायालयाने तपासातल्या उणिवांवरही बोट ठेवलं. जवळपास अकरा वर्षांनी आलेला अर्धा न्याय. तोही त्या पुलावरच्या माणसांनी तारखा मोजल्या म्हणून आला, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्या चळवळींना ते जमत नाही. कामगार नेते दत्ता सामंत यांच्यावर १६ जानेवारी १९९७ ला पवईत गोळ्या झाडल्या गेल्या. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर बाहेर पडले होते. अंत्ययात्रेला माणसांचा पूर आला. पण तोवर संप मोडला होता, गिरण्या विकल्या जाऊ लागल्या होत्या, कामगार गावी परतले होते. धाराशिव आणि बीडकडचेही त्यात होते. खटल्याचा पाठपुरावा करायला संघटनाच उरली नव्हती. या खुनाबद्दल गुंड छोटा राजनवर चाललेल्या खटल्याचा निकाल जुलै २०२३ मध्ये लागला, म्हणजे सव्वीस वर्षांनी, आणि तो निर्दोष सुटला. तोवर ज्यांना या निकालाचं सोयरसुतक असायचं, त्यातले बहुतेक जग सोडून गेले होते.

आता मस्साजोग. येडशीहून महामार्गाने येरमाळा, तिथून कळंब, केज आणि पुढे मस्साजोग. आमच्यासाठी हा परका मुलूख नव्हे, सोयरीक त्याच भागात होते. ९ डिसेंबर २०२४ ला तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि अमानुष मारहाण करून त्यांचा जीव घेण्यात आला. पवनचक्कीच्या कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकरणात ते आड आले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. बीडला, धाराशिवला, परभणीला, पुण्याला मोर्चे निघाले. परभणीत कोठडीत मरण पावलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचं नावही त्या मोर्चांत घेतलं गेलं, ही चांगली गोष्ट झाली. ३१ डिसेंबरला धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती म्हणून ओळखला जाणारा वाल्मिक कराड पोलिसांना शरण आला. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम नेमले गेले. मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातली छायाचित्रं बाहेर आली, महाराष्ट्र रात्रभर झोपला नाही, आणि ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. आजारपणाचं कारण त्यांनी दिलं. लोकांनी मात्र तो मोर्चांचा परिणाम मानला.

मला त्या छायाचित्रांबद्दल बोलायचं आहे. ती पाहून राग आला आणि त्या रागाने राजीनामा झाला, हे खरं. पण तीच छायाचित्रं त्या घरातल्या लेकरांच्या मोबाईलवरही गेली असतील, हा विचार फॉरवर्ड करताना किती जणांनी केला? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून फेसबुकच्या थेट प्रक्षेपणात झाला आणि ती चित्रफीत तासाभरात गावोगाव पोचली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यात चार्ली कर्क या राजकीय प्रचारकाला विद्यापीठाच्या आवारात गोळी घातली गेली. तिथेही तेच झालं: क्षणात चित्रफीत जगभर गेली, कोणी आनंद व्यक्त केला, त्या आनंदावरून कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मूळ खुनापेक्षा कोण काय बोललं यावर अधिक भांडण पेटलं. जपानमध्ये जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना मारणाऱ्याने एका धर्मसंस्थेवरचा राग सांगितला, आणि बघता बघता चर्चा त्या संस्थेवर गेली. तिथल्या सरकारला तिच्याविरुद्ध न्यायालयात जावं लागलं. म्हणजे मारेकऱ्याला हवं ते काही अंशी मिळालं. कोणतंही सरकार आणि कोणताही समाज या पेचातून सहज सुटत नाही. तक्रार खरी असली तर ती ऐकायलाच हवी. पण ती खुनाआधी ऐकण्याची सवय नसली की बंदूक हाच अर्ज होऊन बसतो.

मस्साजोगनंतर आमच्या भागात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला फार डाचते. मराठा आणि वंजारी या दोन समाजांतल्या माणसांनी एकमेकांच्या दुकानात जाणं, लग्नाला जाणं सोडल्याच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या. खून काही माणसांनी केला, पण अविश्वास अख्ख्या समाजांत वाटला गेला. १९४८ ला खेड्यातल्या कुलकर्ण्याचा जसा नथुरामशी संबंध नव्हता, तसा तालुक्यातल्या वंजारी शेतकऱ्याचा या खुनाशी नाही. ऊसतोडीला एका गाडीत बसून जाणारी ही माणसं आहेत. देशमुखांसाठी न्याय मागणाऱ्या माणसाने पहिल्यांदा हे भर चौकात सांगायला हवं, कारण लोक त्याचंच ऐकतील.

जुन्या काळाकडे एकदाच वळतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो घडवून आणल्याचा ठपका असलेला माणूस गादीवर बसलेला असताना रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याला दोषी ठरवलं आणि पद सोडलं, अशी आपली आठवण सांगते. अडीचशे वर्षं झाली. त्या वेळी गर्दीने काय केलं, कोण रडलं, कोण हसलं, हे कोणाला आठवत नाही. महाराष्ट्राने लक्षात ठेवला तो न्यायाधीश. न्यायाची भूक आपल्याला आहे, ती आपल्या गोष्टींतच आहे. मग आजच्या खटल्यांची तारीख आपल्याला का माहीत नसते?

साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आमदार-खासदारांवरचे खटले वेगाने चालावेत म्हणून उच्च न्यायालयांना देखरेख ठेवायला सांगितलं. कागदावर जे हवं ते बरंचसं आहे. खेड्यातला साक्षीदार मात्र अजूनही आरोपीच्या माणसांसमोरून बाजारात जातो, त्याच सोसायटीत कर्ज मागतो, त्याच कारखान्याला ऊस घालतो. वीस वर्षं त्याने आपल्या शब्दावर टिकून राहावं, अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याला एकट्याला सोडणं आहे.

म्हणून येडशीच्या, ढोकीच्या, कळंबच्या, केजच्या माणसांना माझी विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत कोणालाही मत द्या. पण खुनाचा उल्लेख करून मत मागणाऱ्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, तीन गोष्टी विचारा: खटला कोणत्या न्यायालयात आहे, शेवटची तारीख कधी पडली, आणि साक्षीदारांच्या संरक्षणासाठी तुम्ही काय केलं. मस्साजोगचा खटला चालू आहे. त्याच्या प्रत्येक तारखेला केजहून, कळंबहून, येडशीहून सगळ्या जातींची चार माणसं न्यायालयाच्या आवारात जाऊन बसली पाहिजेत. आपल्या शेजारच्या गावचा तो सरपंच होता. एवढं आपण त्याचं देणं लागतो.